पुलाखालची मोळी

सुमन, सकाळी तुझं तेरावं झालं आणि संध्याकाळी मी पॅरिश कौन्सिलच्या मीटिंगला गेलो.

मीनलला ते अजिबात पटलं नाही. गुरुजींना लंडनजवळच्या पिनरहून गाडीतून आणायचं, जेवूखाऊ घालून परत सोडायचं, सगळं बिचारीनं एकटीनं निभावलं होतं. मी कोट चढवायला लागलो तशी म्हणाली, "बाबा, सीरियसली? आज?" म्हटलं, महिन्याचा दुसरा मंगळवार आहे. तुझी आई तापानं फणफणली तरी हा मंगळवार चुकवत नव्हती. तिनं माझी छत्री शोधून हातात दिली.

मराठी मंडळाच्या अंकात तुझ्यावर अर्धं पान आलंय. जन्म, शिक्षण, हौशी नाटकातली कामं, "मनमिळाऊ स्वभाव". सगळं बरोबर आहे आणि त्यात तू कुठेच नाहीस. मनमिळाऊ म्हणे! रॉजरला विचारा म्हणावं. गेली पंधरा वर्षं तो आपल्या कौन्सिलचा चेअरमन आहे, आणि तू तोंड उघडलंस की तो आधी घड्याळाकडे बघायचा आणि मग हळूच कॉलर सैल करायचा.

तू निवडून आलीस तेव्हा मी किती चेष्टा केली होती. सात जागा, सहा उमेदवार, सातव्या जागेवर कोणी येईना म्हणून तुला घेतलं. तू मात्र कराडला भावाला फोन लावलास, "दादा, मी इथल्या ग्रामपंचायतीत आले, बिनविरोध!" मी मागून ओरडलो, "सांग त्याला, विरोध करायला माणूसच नव्हतं." तू फोनवर हात ठेवून म्हणालीस, "अहो, तुम्ही होतात की. उभं राहायचं होतंत." मी पुण्याचा. उंटावरून शेळ्या हाकणं हा आमचा जन्मसिद्ध हक्क, असं तू म्हणायचीस.

आपली तीन गावं. अपर हेझलबर्न, मिडल हेझलबर्न, लोअर हेझलबर्न. एकच ओढा तिन्हींच्या पाठीमागून वाहतो, एकच रस्ता तिन्हींतून बेसिंगस्टोकला जातो, आणि कौन्सिलं मात्र तीन. तू आल्या आल्याच त्यांचं बारसं केलंस, वरचं, मधलं आणि खालचं. आपण वरच्यातले. वरच्या गावाला आपल्या ओढ्याचा कोण अभिमान! दर ऑक्टोबरला आपल्या हद्दीतला ओढा आपण आरशासारखा लख्ख करायचो. मधल्यांनी त्यांचा तुकडा साफ केला तर केला. खालच्या गावात माणसं थोडी, तीही म्हातारी, त्यांचं राहूनच जायचं. राहिलं तर राहिलं, हद्द त्यांची.

आणि मग मिलेनियमनंतरचा तो हिवाळा आला. पाऊस खळेचना. खालच्या गावात पुलाखालची मोरी तुंबली आणि डॉरीनच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं. ती माझी जुनी पेशंट, संधिवातवाली. लग्नाचे फोटो इस्त्रीच्या टेबलावर ठेवून मांजराला कडेवर घेऊन जिन्यात बसली होती बाई. कळल्याबरोबर तू घरातले होते नव्हते ते टॉवेल गाडीत कोंबलेस आणि निघालीस. तीन दिवस जात होतीस. मी एकदा म्हटलं, "सुमन, त्यांचं कौन्सिल आहे ना बघायला?" तू बुटांचा चिखल खरवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "आहे. चार माणसं आहेत. त्यातल्या दोघांच्याच घरात पाणी आहे."

चौथ्या दिवशी पाणी उतरलं. तू गुडघ्यापर्यंत चिखलात भरून घरी आलीस आणि बागेतल्या टेबलावर एक वस्तू आणून ठेवलीस. गुलाबाच्या छाटलेल्या फांद्यांची मोळी. क्रेप बँडेजनं घट्ट बांधलेली.

मला बघताक्षणी कळलं. आता लपवून काय करू? प्रॅक्टिस सोडताना मी तारीख उलटून गेलेली बँडेजं खोकाभर घरी आणली होती. फेकवत नव्हती. दर शरद ऋतूत गुलाब छाटायचे, काटे टोचू नयेत म्हणून फांद्यांची बँडेजनं मोळी बांधायची आणि कुंपणावरून ओढ्यात सोडून द्यायची. वाहतं पाणी, नेईल कुठेतरी. कुठेतरी म्हणजे कुठे, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. ती मोळी मोरीच्या तोंडाशी आडवी अडकली. तिला पानं अटकली, पानांना फांद्या अटकल्या.

तू काय बोलशील म्हणून मी तयारीत होतो. उत्तरंसुद्धा जुळवून ठेवली होती. एका मोळीनं पूर येतो का? सगळं वरचं गाव ओढ्यात कचरा टाकतं, मी एकटाच का? तू हात धुतलेस आणि म्हणालीस, "चहा टाकतेय, घेणार ना?" बस्स. मी चहा घेतला. तेवढंच आपलं त्या विषयावरचं बोलणं.

मार्चच्या मीटिंगमध्ये तू ठराव मांडलास. तिन्ही कौन्सिलांनी मिळून ओढा साफ करायचा. ऑक्टोबरचे तीन शनिवार, तिन्ही गावांची माणसं. आधी खालचं गाव, मग मधलं, शेवटी आपलं, कारण खालची वाट मोकळी नसताना वर उपसलं की घाण खाली जाऊन तुंबते. आणि वर तुझा तो नियम: आपला तुकडा आपण साफ करायचा नाही. दुसऱ्यांनी करायचा, आपण त्यांना जेवू घालायचं.

सभेला घाम फुटला. मला मात्र हसू आलं, कारण हे कुठून आलंय ते मला ठाऊक होतं. तुझ्या वडलांकडची इर्जिक! सगळ्या गावानं आपापले बैल घेऊन एकाच्या रानात उतरायचं, दिवसभर त्याचं शेत नांगरून द्यायचं, आणि त्यानं सगळ्यांना पोटभर घालायचं. कराडकडची इर्जिक तू रबरी बुटांत घालून हॅम्पशायरमध्ये उतरवलीस. वर मिनिट्समध्ये लिहायला लावलीस. क्लार्कनं स्पेलिंग विचारलं तर म्हणालीस, "लिहा तुम्हाला जमेल तसं, माणसं जेवल्याशी कारण."

कोणीतरी आक्षेप घेतला की आपल्या गावात तर पाण्याचा थेंब येत नाही. तू उभी राहिलीस. "आपल्याकडे पूर येत नाही, आपल्याकडून जातो. पुलाखाली जे अडकलं होतं ते मी हातानं काढलंय. ते वरच्या गावातलं होतं." रॉजरनं विचारलं, कशावरून? तू म्हणालीस, "मी ओळखते." कोणाचं, हे बोलली नाहीस. मग रॉजरनं पब्लिकच्या खुर्च्यांकडे नजर टाकली, तिथे मी एकटाच. "डॉक्टर, तुम्हाला काही सांगायचंय?"

मी म्हटलं, नाही, थँक यू.

चार विरुद्ध तीन. तुझ्या स्वतःच्या मतावर ठराव पास झाला. चालत घरी येताना चर्चच्या वळणावर तू एकदाच विचारलंस, "तुम्ही गप्प का बसलात?" मी म्हटलं, "चर्चा कौन्सिलची होती, मी मेंबर नाही." तू "बरं" म्हणालीस. पुढे कधी तो विषय काढला नाहीस आणि मला वाटलं, चला, मिटलं.

तो पहिला शनिवार आठवतो? पाळी खालच्या गावाची होती, पण त्यांची घरं अजून सुकत होती, म्हणून तू म्हणालीस, या वर्षी जेवण माझ्याकडे. पुढेही त्या पहिल्या शनिवारचं जेवण तुझ्याकडेच राहिलं. पन्नास माणसांचा वांगीभात केलास. पहाटेपासून घरात गोड्या मसाल्याचा घमघमाट. ते मोठं पातेलं, तुझ्या माहेरचं, कडेला नाव कोरलेलं, मी आणि तू धरून गाडीत चढवलं. चाळीसएक माणसं आली. काम झकास झालं. साडेबाराला तू झाकण काढलंस आणि बघतेस तो काय, ओढ्याकाठी कोणीच नाही! सगळे आपापल्या गाडीत काचा वर करून बसलेले. प्रत्येकाच्या मांडीवर प्लॅस्टिकचा डबा, डब्यात स्वतःचं सँडविच.

जेवण आहे म्हणजे आहे, असं तू गृहीत धरलंस. आणि आपलं आपण आणायचं, असं त्यांनी गृहीत धरलं. तुझा चेहरा पडला, पण क्षणभरच. मग पदर खोचावा तसा तू अंगातला पावसाळी अनोरॅक खोचलास, हातात ताटं घेतलीस आणि एकेका गाडीच्या काचेवर टकटक करत सुटलीस. माझी मान शरमेनं खाली. रॉजर सँडविचचा अर्धा घास तोंडात घेऊन काच खाली करत होता, ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पुढच्या वर्षी तुझी नोटीस तिन्ही गावांच्या बोर्डावर झळकली. ताट आणि चमचा आणा. जेवण आणू नका. रॉजर म्हणाला, "सुमन, हे जरा कडक वाटतं. 'लंच विल बी प्रोव्हाइडेड' म्हणू या." तू म्हणालीस, "तसं म्हटलं की माणूस तरीही एक सँडविच पिशवीत टाकतो. सँडविच असलं की तो गाडीत जातो. गाडीत गेला की तो परत त्याच्या गावचा होतो." नोटीस तशीच राहिली.

आणि खरं सांगू? चाललं ते. कौन्सिलांच्या एकत्र मीटिंगांनी जे झालं नाही ते तुझ्या पातेल्यानं केलं. एकमेकांच्या ओढ्यात उभं राहिल्यावर माणसं बोलायला लागली. त्यातून बेसिंगस्टोकची गुरुवारची बस वाचली, कारण तिन्ही गावांनी मिळून एकच पत्र लिहिलं. बर्फ पडला की रस्त्यावर टाकायच्या मिठाच्या पेट्या कुठे ठेवायच्या ते एकदाच बसून ठरलं. गाव करील ते राव काय करील, हे तू रॉजरला इंग्रजीत समजावायला गेलीस आणि पाऊण तास लागला. मी तुझ्या तोंडावर थट्टा करायचो आणि पिनरला जाऊन मित्रांपुढे छाती फुगवून सांगायचो, आमच्या हिनं तीन गावं एका पंगतीत बसवली. तुझ्यासमोर हे एकदाही म्हणालो नाही. का नाही म्हणालो, देव जाणे.

पिनरला घर घेऊ या, हा आपला वाद तर अर्धाच राहिला. आपली माणसं आहेत तिथे, मीनलही जवळ. तू म्हणायचीस, "तिथे माझं काय काम? तिथली गटारं कौन्सिलची माणसं येऊन साफ करतात."

तर तुझ्या तेराव्याचा तो मंगळवार. तिन्ही कौन्सिलांनी दर वर्षी नव्यानं होकार द्यायचा, हा तुझाच हट्ट. "सवयीनं नको, ठरवून हवं." घे आता! तुझी खुर्ची रिकामी, म्हणजे तुझं मत नाही. आणि मे महिन्यात आलेला तो नवा मेंबर, टाय लावून येणारा, त्यानं शांतपणे मांडलं की अपर हेझलबर्ननं यातून बाहेर पडावं. आपल्याला पुराचा धोका नाही. आपली माणसं तीन शनिवार राबतात, आपल्याला मिळतं काय? मिसेस सुमनबद्दल आदर आहे, पण ही योजना त्यांची होती. राग येण्यासारखं काही बोलला नाही तो. माझंच सगळं म्हणणं, पाच वर्षांपूर्वीचं, इस्त्री करून मांडलेलं. बाकीचे टेबलाकडे बघत बसले. त्या सहा माणसांत तीन-तीन होणार आणि रॉजर चेअरमनचं जास्तीचं मत टाकायला कचरणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

रॉजरनं पब्लिकच्या खुर्च्यांकडे बघितलं. या वेळी मी एकटा नव्हतो. मागच्या रांगेत डॉरीन होती, रेनकोट न काढता बसलेली, खालच्या गावातर्फे ऐकायला आलेली. "डॉक्टर, तुम्हाला काही सांगायचंय?" तेच शब्द गं, तोच माणूस.

मी उभा राहिलो. म्हटलं, या गृहस्थांनी जे मांडलं ते मी घरी वर्षभर मांडत होतो आणि त्यांच्यापेक्षा जोरात. माझी बायको म्हणायची, आपल्याकडे पूर येत नाही, आपल्याकडून जातो. त्या हिवाळ्यात पुलाखाली जी मोळी अडकली ती माझी होती. मी बांधली, मी टाकली. तिनं ती स्वतःच्या हातानं काढली आणि या खोलीत माझं नाव घेतलं नाही. तेव्हा मला विचारलं होतं, मी गप्प बसलो. आज तिचं मत इथे नाही आणि मला मत नाही. माझ्याकडे सांगायला एवढंच आहे.

खाली बसलो. रॉजरनं हात वर करायला सांगितले. पाच हात वर आले. टायवाल्यानं केला नाही, पण विरोधातही केला नाही, चष्मा पुसत बसला. पास! तुझ्या मताशिवाय पास झाला, सुमन, एका हातानं नव्हे, पाच हातांनी. मला इतका अभिमान वाटला की मी तिथेच रडलो, आणि टायवाल्यानंच मला टिश्यू दिला.

मागे वळून बघितलं तर डॉरीन निघून गेली होती.

पुढचे चार दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. त्या बाईचं घर बुडालं होतं. जमिनीतला ओलावा जायला वर्ष लागलं. फोनजवळ जायचो आणि परत यायचो. मीनल म्हणाली, "बाबा, तुमची एकट्याची चूक नव्हती. यू डोन्ट हॅव टू गो." म्हटलं, पहिला शनिवार खालच्या गावाचा आहे. जायला तर हवंच.

गेलो. जाताना फ्रिजमधलं चीज काढून दोन ब्रेडमध्ये घातलं, कागदात गुंडाळलं आणि खिशात टाकलं. तू नाहीस म्हटल्यावर कसला वांगीभात नि काय. चार तास मोरीच्या तोंडाशी उभा राहून पानं ओढली. टायवालाही आला होता, टाय न लावता, कोरे करकरीत बूट घालून, कुत्र्याला घेऊन. डॉरीन कुठे दिसेना. मला वाटलं, टाळतेय.

साडेबारा वाजले आणि माणसं आपापल्या पिशव्यांतून ताटं काढायला लागली. ताट आणि चमचा. चाळीस-पंचेचाळीस माणसं, आणि कोणाकडे डबा नाही. तू गेलीस हे सगळ्यांना माहीत होतं, निम्मे तर फ्युनरलला आले होते, तरी एकानंही जेवण आणलं नव्हतं. जेवण असणार म्हणजे असणार. माझा हात खिशातल्या सँडविचवर तसाच राहिला. तीन गावांत तुझा नियम मोडणारा मी एकटा निघालो.

खालच्या गावच्या हॉलच्या दारातून डॉरीन आणि दोघीजणी तुझं ते पातेलं घेऊन बाहेर आल्या. गेल्या ऑक्टोबरला तू ते तिथेच ठेवून आली होतीस, पुढच्या वर्षी लागेलच म्हणून. मी तेव्हा कटकट केली होती, माहेरचं भांडं लोकांकडे कशाला ठेवतेस. डॉरीन वाढायला उभी राहिली. माझी पाळी आली तर माझ्याजवळ ताट नाही. तिनं खालून एक स्टीलचं ताट काढून माझ्या हातात दिलं. कडेवर तुझं नाव, "सौ. सुमन", पातेल्याच्या जोडीचं.

मी म्हटलं, "डॉरीन, त्या मोळीचं..."

"डॉक्टर," ती भात वाढत वाढत म्हणाली, "तीन गावांत गुलाबाला बँडेज बांधणारा माणूस दुसरा कोण आहे? पाणी उतरलं तेव्हा मी पुलावर उभी होते. मी सुमनला त्याच दिवशी विचारलं, हे डॉक्टरांचं ना? ती हो म्हणाली. आणि म्हणाली, तू त्यांना काही बोलू नकोस. ते स्वतः सांगतील."

मला आयुष्यभर वाटत होतं की तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही.

"पाच वर्षं, डॉरीन," मी म्हटलं.

"हो ना. दर ऑक्टोबरला मी तिला विचारायची, सांगितलं का गं त्यांनी? ती म्हणायची, अजून नाही, पण सांगतील. वेळ लागतो त्यांना." मग तिनं चमचा ताटाच्या कडेवर आपटून उरलेला भात पाडला. "मीठ बघा बरोबर आहे का. मी अंदाजानं घातलंय."

वांगी जरा कच्ची होती. मीठ बरोबर होतं. मी दोनदा वाढून घेतलं, आणि सँडविच टायवाल्याच्या कुत्र्याला घातलं.